बाळाचं नाव रेशनकार्डावर

कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलासाठी परवडणारा आरोग्य विमा कोणता, असं विचारलं की सल्ला देणारे बहुतेक जण हप्त्यांचे तक्ते पुढे करतात. कोणती कंपनी किती घेते, किती लाखांचं संरक्षण देते, करात किती सूट मिळते. महिन्याला पंधरा हजारांत पाच माणसांचं घर चालवणाऱ्याला त्या तक्त्यातली सर्वांत स्वस्त पॉलिसीही जड जाते. ओढाताण करून घेतलीच, तरी आपल्या मुलाला लागणारे उपचार तिच्यातून मिळतील याची खात्री नसते. या प्रकरणात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. महाराष्ट्रातल्या अशा कुटुंबाने विमा विकत घ्यायला जाण्याआधी, आपल्या मुलाचा हप्ता दुसऱ्या कोणी भरून ठेवला आहे का, हे तपासावं. बहुतेकांचा तो भरलेला असतो, सरकारने कराच्या पैशातून किंवा मालकाने पगाराच्या हिशेबातून. घोडं अडतं ते नावावर, कागदावर आणि कुठे जायचं हे ठाऊक नसण्यावर. शिवाय कुठे जायचं हे मुलाच्या वयाप्रमाणे बदलतं. विम्याच्या चर्चेत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, म्हणून सुरुवात वयापासून करू.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १८ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. त्यातली १६ पहिल्या वाढदिवसाच्या आत आणि ११ तर पहिल्या २८ दिवसांतच. म्हणजे पाच वर्षांतला निम्म्याहून अधिक धोका पहिल्या चार आठवड्यांत एकवटलेला आहे. आता याच्या शेजारी बाजारातली पॉलिसी ठेवून पाहावी. विमा नियामकाने १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकायला लावलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही साधी, एकसारख्या अटींची पॉलिसी सामान्य माणसाला त्यातल्या त्यात समजण्याजोगी आहे. तिच्यात मुलाला प्रवेश मिळतो तो तीन महिन्यांचं झाल्यावर. पहिल्या दिवसापासून बाळाला सामावून घेणाऱ्या पॉलिसी आहेत, पण त्या बहुधा मोठ्या नोकरीतल्या गटविम्यात किंवा प्रसूतीचा लाभ असलेल्या महागड्या प्रकारांत सापडतात. थोडक्यात, कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं, कावीळ झालेलं किंवा श्वास अडकलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं, तेव्हा त्याच्या नावाची स्वस्त पॉलिसी अजून सुरूच व्हायची असते.

या काळासाठी जे संरक्षण आहे त्याला कोणी विमा म्हणत नाही, म्हणून ते लोकांच्या यादीतच येत नाही. १ जून २०११ पासून देशभर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, बाईचं जेवण आणि घर ते दवाखाना जाण्यायेण्याची गाडी हे सगळं त्यात मोफत आहे. आजारी बाळालाही हाच हक्क सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत होता, पुढे तो वर्षभरापर्यंत वाढवला गेला. यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात याच हक्काने बाळ दाखल होतं. खासगी दवाखान्यात अशा पेटीचा रोजचा दर हजारांत असतो आणि मुक्काम दोन-तीन आठवड्यांचाही होऊ शकतो. गरीब घर कर्जात बुडण्याची सुरुवात अनेकदा याच बिलापासून होते. सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून ठेवायचा निर्णय हा आहे: बाळाला काही झालं तर जवळचा नवजात कक्ष कुठे आहे आणि १०८ ला फोन केल्यावर गाडी कुठे न्यायला सांगायची. रात्री दोन वाजता, घाबरलेल्या घरात, हा निर्णय नीट होत नाही.

पहिलं वर्ष ओलांडल्यावर धोक्याचं स्वरूप पालटतं. मूल वारंवार आजारी पडतं, पण दाखल करण्याइतकं क्वचितच. जुलाब, ताप, खोकला, कान फुटणं, खरूज. यांत दवाखान्याची फी आणि औषधांचा खर्च होतो, आणि आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या स्वस्त पॉलिसी फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात. ही उणीव मोठी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. दुसरा धोका गप्प बसलेला असतो. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेलं बाळ दूध पिताना दमतं, कपाळाला घाम येतो, थोडं पिऊन सोडून देतं, वजन वाढत नाही. घरात म्हणतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. दृष्ट काढली जाते, टॉनिक आणलं जातं, वर्ष निघून जातं. पाच लाखांची पॉलिसी खिशात असली तरी ती हे छिद्र शोधून देणार नाही, कारण विमा निदानानंतरच्या खर्चासाठी असतो. शोधण्याचं काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून झाली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. फिरतं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंगं, जीवनसत्त्वांची व रक्ताची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर अशा सुमारे तीस अवस्थांसाठी मूल तपासतं. संशय आला तर जिल्हा पातळीवर पुढची तपासणी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियाही मोफत होते. दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, मोतीबिंदू, कानाचा दोष हे सगळं यात येतं. बाजारातल्या अनेक पॉलिसी जन्मजात बाह्य व्यंगांचा खर्च वगळतात, हे लक्षात घेतलं तर या पथकाची किंमत कळते. पथक येणार त्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर असणं हा त्या कुटुंबाचा हप्ता समजावा.

मोठ्या आजाराचा प्रश्न येतो तेव्हा महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तिच्याशी जोडलेली आयुष्मान भारत योजना पुढे येते. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण मुलांच्या दृष्टीने त्यात एक मोठी चूक झाली आणि नंतर दुरुस्त झाली. २००८ मध्ये आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं, नोंदणीचे ३० रुपये भरायचे. पण कुटुंब म्हणजे पाच माणसं, सहावं नाव कार्डावर जात नसे. आजी-आजोबा आणि तीन मुलं असलेल्या घरात कोणाला वगळायचं हे घरानेच ठरवायचं. कागदावर विमा असलेल्या घरात विनाविम्याचं मूल तयार करणारा असा नियम कुठल्याच कल्याणकारी योजनेत असू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली तेव्हा ही मर्यादा काढली गेली. कुटुंबाला पाच लाख, माणसांची संख्या कितीही, वयाची अट नाही, आणि आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. महाराष्ट्राची योजना त्याहून जुनी आहे. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला जोतिबांचं नाव मिळालं. बरीच वर्षं तिची मर्यादा दीड लाख होती आणि ती मुख्यतः पिवळ्या व केशरी रेशनकार्डापुरती होती. केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाही. रिक्षाचालक, धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा वॉचमन नवरा, वडापावची गाडी चालवणारा असे कित्येक जण त्या रेषेच्या किंचित वर असायचे आणि योजनेबाहेर राहायचे. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेलं आणि योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली. १ जुलै २०२४ पासून ती तशी राबवली जाऊ लागली. अनाथाश्रमातली आणि शासकीय आश्रमशाळांतली मुलं, ज्यांच्यामागे कुटुंबाचं कार्ड उभं नसतं, तीही या योजनेत आहेत.

तरीही संरक्षण असणं आणि ते आहे हे ठाऊक असणं यांत अंतर आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४१ टक्के कुटुंबांनी घरातल्या निदान एका माणसाला आरोग्य विम्याचं किंवा योजनेचं कवच असल्याचं सांगितलं. महाराष्ट्राचा आकडा या सरासरीच्या बराच खाली होता. पिवळ्या-केशरी कार्डधारकांसाठी योजना कित्येक वर्षं चालू असलेल्या राज्यात हे घडलं. याचा अर्थ असंख्य घरांना आपल्या हातातलं रेशनकार्ड हेच विम्याचं कार्ड आहे हे ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्या कार्डावर अनेकदा धाकट्याचं नाव नसतं. लग्नानंतर सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून उतरलेलं नाही, म्हणून सासरच्या कार्डावर चढलेलं नाही, म्हणून बाळाचंही नाही. ही साखळी तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा शहरातल्या रेशनिंग ऑफिसात तोडावी लागते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. त्या दाखल्यावर बाळाचं निळं आधार निघतं, त्यासाठी बोटांचे ठसे लागत नाहीत. मग कार्डावर नाव. नाव चढायच्या आधीच मूल आजारी पडलं तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे कागद दाखवून मार्ग निघतो, पण तो निघेपर्यंतची धावपळ टाळलेली बरी. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या कुटुंबांनी तर हे काम कारखान्याच्या वाटेला लागण्यापूर्वीच उरकायला हवं. सहा महिने फडावर असताना ना गावच्या अंगणवाडीतलं पथक भेटतं, ना तहसील.

यावर कोणी म्हणेल, सगळा भार गरिबाने तरी का उचलावा? आक्षेप रास्त आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. अमेरिकेनेही १९९७ मध्ये अल्प उत्पन्न गटातल्या मुलांसाठी विमा कार्यक्रम काढल्यावर हेच अनुभवलं की विमा नसलेल्या मुलांतली मोठी संख्या पात्र असूनही नोंदणीबाहेर होती. २०१० मध्ये लुइझियाना राज्याने अन्नसाहाय्याची यादी, म्हणजे आपल्या रेशनसारखीच नोंद, वापरून नव्याने अर्ज न मागता मुलांना विम्यात घेतलं. पहिल्याच झटक्यात दहा हजारांहून अधिक मुलं आत आली. महाराष्ट्रात हे करणं आणखी सोपं आहे. त्याच पाचव्या पाहणीनुसार इथले जवळजवळ ९५ टक्के जन्म दवाखान्यात होतात. बाळ घरी जायच्या आधीच त्याची जन्मनोंद आणि आईच्या कार्डावरचं नाव एकाच टेबलावर करून देता येईल. ते होत नाही तोवर मात्र आईबापांना हेलपाटे मारायला सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

आता नोकरीतून मिळणाऱ्या संरक्षणाकडे. माझ्या मते कमी पगाराच्या घरातल्या मुलासाठी देशात याहून चांगलं काही नाही. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना आणि बहुतेक आस्थापनांना लागू होते. पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये १६,००० वर असलेल्या हेल्परचे महिन्याला १२० रुपये जातात, मालकाचे ५२०. या १२० रुपयांत तो, बायको आणि मुलं यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वैद्यकीय सेवा मिळते. सर्दीतापाच्या औषधापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत, रकमेची वरची मर्यादा नाही. साध्या दवाखान्याचा खर्चही यात येतो, जो बाजारातली स्वस्त पॉलिसी देत नाही. मोठ्या संख्येने लोक याला मुकतात, कारण ठेकेदार नोंदणीच करत नाही किंवा कापलेले पैसे भरत नाही. नवीन कामावर लागताना पगार विचारतो तितक्याच हक्काने विमा क्रमांक विचारावा आणि त्यात मुलांची नावं घातली आहेत का ते पाहावं. ठेकेदाराने भरले नाहीत तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हेही माहीत असावं.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल थोडक्यात. मुंबई-पुण्यातली काही नामांकित, महागडी रुग्णालयं सार्वजनिक न्यासाची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. फुले योजनेच्या यादीत न बसणाऱ्या उपचारांसाठी हा मार्ग मोलाचा आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवलेला असला तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाशी नीट बोलता येतं.

सर्वांत जोरदार आक्षेप असा की हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात रुग्णालयं डिपॉझिट मागतात, औषधं बाहेरून आणायला लावतात, खाट नाही म्हणतात. पुरावा या आक्षेपाच्या बाजूने आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातल्या स्वखर्चात लक्षणीय घट आढळली नाही. आयुष्मान भारतच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच खोट्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले असल्याचं महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. पण पुराव्याची दुसरी बाजूही आहे. कर्नाटकातल्या वाजपेयी आरोग्यश्री योजनेचा अभ्यास २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. योजना लागू असलेल्या गावांतल्या गरीब कुटुंबांत, तिच्यात येणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू शेजारच्या योजना नसलेल्या गावांपेक्षा बरेच कमी होते: ०.३२ टक्के विरुद्ध ०.९० टक्के. फरक कशाने पडला? कर्नाटकची योजना हृदय, कर्करोग, मेंदू, भाजणं अशा गंभीर आजारांवर एकवटलेली होती, ठरावीक मोठ्या रुग्णालयांशी बांधलेली होती आणि नोंदणीसाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. फुले योजनेची बांधणी याच जातीची आहे. म्हणून तिच्यापासून मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची अपेक्षा ठेवावी, रोजच्या तापाची ठेवू नये. दाखल करतेवेळी, पैसे भरण्यापूर्वी, रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या, टेबलावर जावं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन तोच रुग्णालयाकडून पूर्वमंजुरी मागवतो. मंजूर पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी परतण्याचं एसटीचं भाडंसुद्धा येतं. कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागावी आणि १५५३८८ वर तक्रार करावी. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवता येईल या आशेवर राहणाऱ्याचं बहुतेक वेळा नुकसान होतं.

मग पॉलिसी कधी घ्यावी? वरच्यांपैकी काही हाताशी नाही, किंवा आहे पण जवळ चांगलं संलग्न रुग्णालय नाही आणि वर्षाला काही हजार बाजूला पडतात, अशा घराने. एकट्या मुलाची पॉलिसी शोधू नये. पूर्ण कुटुंबाची एकच घ्यावी आणि त्यात कमावता माणूस आधी असावा, कारण तो खाटेवर पडला की पहिली काटछाट मुलाच्या दुधावर येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, जुन्या आजाराला वेगळी वाट पाहावी लागते, ‘आरोग्य संजीवनी’त प्रत्येक बिलाचे ५ टक्के स्वतः द्यावे लागतात आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. एजंटाकडून हे सही करण्याआधी समजून घ्यावं.

राहिला रोजच्या तापाचा प्रश्न, आणि विम्याने तो सुटेल असं मला वाटत नाही. दर महिन्याला होणारा लहान खर्च विम्यात घातला तर हप्ता त्या खर्चाइतकाच फुगतो. त्यासाठी घराजवळ, मोफत आणि सोयीच्या वेळी उघडा असलेला दवाखाना लागतो. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सगळे उपचार मोफत झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण बाह्यरुग्ण विभाग दिवसा चालतो आणि मुलाला तिथे न्यायचं तर आईचा किंवा बापाचा खाडा होतो. तो खाडा ना फुले योजना भरून देते, ना कर्मचारी विमा, कारण त्यातला आजारपणाचा भत्ता कामगाराच्या स्वतःच्या आजारासाठी असतो. मुंबई महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे ठेवले, त्यामागे हीच जाण होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे यंत्रमागाच्या पाळ्या रात्रंदिवस चालतात. तिथल्या वस्त्यांत रात्रीचा बालरोगतज्ज्ञ बसवायला जो खर्च येईल, तो पाच लाखांची मर्यादा दहा लाख करण्यापेक्षा कमी असेल आणि मुलांच्या कामी जास्त येईल.